काशीहून एक दिवस जौनपूरला : गोमतीवरचा शाही पूल आणि भोवतीच्या शर्की वास्तू कशा पाहाव्यात

प्रयाग, काशी आणि गया या त्रिस्थळी यात्रेला निघालेली मराठी कुटुंबे काशीसाठी बहुधा तीन-चार दिवस राखून ठेवतात. त्यांतला एक दिवस वाराणसीच्या वायव्येला सुमारे साठ किलोमीटरवर असलेल्या जौनपूरला द्यावा, असे मी आग्रहाने सुचवतो. मुंबईत टॅक्सीचालकाला किंवा दूधवाल्याला गाव विचारले, तर हे नाव वारंवार कानी पडते. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना ते सकाळच्या मैफलीतल्या जौनपुरी रागामुळे ठाऊक असते. मात्र साडेचारशे वर्षांपूर्वीचा, आजही रोजच्या वापरातला दगडी पूल आणि त्याच्या आसपास पंधराव्या शतकातल्या तीन भव्य मशिदी एकाच दिवसात पाहता येतात, हे फारसे कोणी सांगत नाही.

निघण्यापूर्वी थोडा इतिहास मनाशी धरून ठेवावा, म्हणजे समोरची वास्तू कोणाची हे दर वेळी विचारावे लागत नाही. दिल्लीचा सुलतान फिरोजशहा तुघलक याने १३५९-६०च्या सुमारास गोमतीच्या काठी हे शहर वसवले आणि आपला चुलतभाऊ जौना खान, म्हणजेच महंमद तुघलक, याच्या नावावरून त्याला जौनपूर म्हटले. १३९४ मध्ये येथे आलेल्या मलिक सरवर या सरदाराला ‘मलिक-उश-शर्क’, म्हणजे पूर्वेचा अधिपती, असा किताब होता. त्यावरून त्याच्यापासून सुरू झालेले घराणे शर्की म्हणून ओळखले गेले. आपल्याकडे गुलबर्ग्याला आणि पुढे बिदरला बहमनींचे राज्य होते, त्याच काळात हे राज्य नांदत होते. १४७९ मध्ये बहलूल लोदीने ते जिंकले. शाही पूल त्यानंतरचा, अकबराच्या काळातला आहे. मशिदी शर्कींच्या, पूल मुघलांचा आणि किल्ल्याचे मूळ तुघलकांचे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

जाण्यासाठी ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर आणि फेब्रुवारी ते मार्चचा मध्य हे दिवस सर्वांत चांगले. डिसेंबर-जानेवारीत हवा थंड आणि सुखद असली तरी गंगा-गोमतीच्या या पट्ट्यात दाट धुके पडते, गाड्या तासन्तास उशिरा धावतात आणि सकाळी नऊ-दहापर्यंत पुलाच्या पलीकडचे टोकसुद्धा दिसत नाही. मे-जूनमध्ये लू नावाचा उष्ण वारा वाहतो, त्यामुळे ज्येष्ठांना घेऊन त्या दिवसांत जाऊ नये. पावसाळ्यात गोमती फुगलेली असते. तेव्हा पुलाचे दृश्य भारदस्त दिसत असले तरी घाटाच्या पायऱ्या निसरड्या असतात आणि खाली उतरणे धोक्याचे ठरते.

वाराणसीहून लखनौकडे जाणाऱ्या बऱ्याच रेल्वेगाड्या जौनपूर जंक्शनवरून जातात आणि साधारण तास-दीड तासात पोहोचवतात. हे स्थानक शहराच्या उत्तरेला आहे, त्यामुळे तेथे उतरल्यास ई-रिक्षाने आधी पुलाकडे यावे लागते. चार-पाच जण असतील तर मोटार ठरवून रस्त्याने जाणे अधिक सोयीचे आहे, आणि ते माझ्या मते अधिक योग्यही आहे, कारण वाराणसीचा रस्ता दक्षिणेकडून येतो आणि जुने शहर नदीच्या उत्तर तीरावर आहे. म्हणजे शतकानुशतके प्रवासी जसा पूल ओलांडून या शहरात शिरला, तसेच आपणही शिरतो. सकाळी सहा-साडेसहाला काशी सोडावी. मोटार दक्षिण तीरावरच थांबवून चालकाला पलीकडे किल्ल्यापाशी येऊन थांबायला सांगावे आणि पूल पायी ओलांडावा. मोटारीत बसून पुलावरून जाणाऱ्याला आपण पुलावर आहोत हेही कळत नाही, इतकी त्याच्यावर वर्दळ असते.

शाही पुलाचे काम १५६४ मध्ये सुरू झाले आणि १५६८च्या सुमारास संपले. अकबराचा जौनपूरचा सुभेदार मुनीम खान याने तो बांधवून घेतला, आणि बांधकामाची आखणी काबूलच्या अफजल अली या स्थपतीने केली. त्यामागची एक कथा गावात अजून सांगितली जाते. अकबर नदीतून होडीने जात असता काठावर एक विधवा रडत बसलेली त्याला दिसली. सूत विकायला आलेल्या त्या बाईला संध्याकाळी परत नेणारा नावाडीच उरला नव्हता. बादशहाने तिला पोहोचवले आणि आपल्या सुभेदाराला येथे पूल बांधण्याचा हुकूम दिला. ही दंतकथा आहे, हे खरेच. पण तीत पुलाचे पुण्य बादशहाच्या पदरात न टाकता नदीकाठी अडकलेल्या एका बाईच्या निमित्ताला दिलेले आहे, म्हणून ती मला प्रिय आहे.

पूल पाहताना पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती अशी, की तो एकसंध नसून दोन भागांचा आहे. मुख्य प्रवाहावर दहा कमानी आहेत आणि दक्षिणेकडे, मधली जमीन सोडून, आणखी पाच कमानी आहेत. दक्षिणेकडून येणाऱ्याला हा पाच कमानींचा भाग आधी लागतो, आणि पुष्कळ लोक त्यालाच पूल समजून छायाचित्रे काढत बसतात. त्याच परिसरात सिंहाचे एक मोठे दगडी शिल्प आहे. सिंहाच्या पायांखाली हत्ती दबलेला आहे. हे शिल्प पुलाहून जुने असून मूळचे कोणत्या तरी पूर्वीच्या वास्तूचे आहे, आणि एके काळी येथूनच रस्त्यांची अंतरे मोजली जात असत. सिंहाच्या पंजाखाली हत्ती ही कल्पना महाराष्ट्रातल्या किल्ल्यांच्या दरवाज्यांवरील शरभ-शिल्पे पाहिलेल्या वाचकाला परकी वाटणार नाही; शिवनेरीच्या किंवा जंजिऱ्याच्या दरवाजावरची शिल्पे आठवून येथे पाच मिनिटे थांबावे.

मग मुख्य पुलावर यावे. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, दगडी छत्र्या उभ्या आहेत. नदीकडे झुकलेल्या या छोट्या मंडपांत लहान दुकाने थाटलेली असतात, त्यामुळे चालताना आपण बाजारपेठेतून जातो आहोत असा भास होतो. एखादी मोकळी छत्री मिळाली तर तिच्यात शिरून नदीकडे पाहावे. खांबाची जाडी खरी तेथून कळते. दुकानदाराला नमस्कार करून दोन शब्द बोलल्यास तो आनंदाने जागा देतो, पण न विचारता त्याच्या मालापुढे उभे राहून छायाचित्रे घेणे बरे नव्हे. रस्ता अरुंद आहे आणि दुचाक्या अंगाला लागून जातात, म्हणून मुलांचा हात धरूनच चालावे.

खरा पूल मात्र खालून दिसतो. पलीकडे पोहोचल्यावर घाटाकडे उतरावे आणि नदीच्या काठाने थोडे पूर्वेकडे, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने, जावे. सकाळचे ऊन पुलाच्या याच अंगावर पडते आणि टोकदार कमानींची रांग पाण्यात उमटते. जवळ नवा पूल झाला आहे, त्याच्यावरूनही जुन्या पुलाची संपूर्ण लांबी एका दृष्टिक्षेपात पाहता येते. तरी पाण्याच्या पातळीवरून पाहण्याचे समाधान वेगळेच आहे. येथून एक गोष्ट डोळ्यांत भरते, ती म्हणजे खांब विलक्षण जाड आहेत, जवळजवळ कमानींच्या रुंदीइतके, आणि प्रवाहाला सामोरे जाणारे त्यांचे टोक पाणी कापण्यासाठी निमुळते केलेले आहे. दगडी कमान वरचे वजन फक्त खाली सोडत नाही, ती दोन्ही बाजूंना रेटाही देते. खांब बारीक असले तर शेजारशेजारच्या कमानींचे रेटे एकमेकांना तोलून धरतात, आणि एक कमान पडली की शेजारची ढासळण्याचा धोका उभा राहतो. खांब जाड असला तर तो एका बाजूचा रेटा आपल्या वजनावर पेलू शकतो. १५ जानेवारी १९३४च्या बिहार-नेपाळ भूकंपात या पुलाच्या सात कमानींची हानी झाली आणि त्या पुन्हा बांधाव्या लागल्या. तरीही पूल पूल म्हणून उरला, यात त्या अवाढव्य खांबांचा वाटा मोठा असला पाहिजे.

याच जाडीची किंमतही पुलाला मोजावी लागली. खांबांनी नदीचे पात्र इतके अडवले आहे, की मोठ्या पुरात पाणी कमानींखालून निघून जाऊ शकत नाही आणि तुंबून वर चढते. १७७०च्या दशकातल्या एका पुरात पाणी पुलाच्या माथ्यावरून वाहत होते, आणि इंग्रजांची एक पलटण होड्यांत बसून पुलावरून पार झाली, अशी नोंद आहे. विल्यम हॉजेस हा इंग्रज चित्रकार त्यानंतर थोड्याच वर्षांनी येथे आला आणि त्याने या पुलाचे चित्र काढले. ते चित्र निघण्यापूर्वी पाहून ठेवावे आणि घाटावर उभे राहून समोरच्या दृश्याशी ताडून पाहावे.

पुलाच्या बांधणीचे वर्ष सांगणारे फारसी काव्य आहे, आणि त्यातली करामत मराठी वाचकाने मुद्दाम समजून घ्यावी. आपल्या जुन्या पोथ्यांत चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन अशा शब्दांनी शक सांगतात. फारसीत प्रत्येक अक्षराला अंक ठरलेला असतो आणि शब्दांची बेरीज केली की वर्ष निघते. येथे कवीने ‘सिरात-उल-मुस्तकीम’, म्हणजे सरळ मार्ग, हे शब्द योजले आहेत. ‘सिरात’ या शब्दाने मुसलमान श्रोत्याला परलोकातल्या पुलाचीही आठवण होते. या शब्दांची बेरीज ९८१ येते. कवी त्यातून ‘बद’, म्हणजे वाईट, काढून टाकायला सांगतो. ‘बद’ची बेरीज सहा आहे. उरतात ९७५, आणि ९७५ हिजरी म्हणजे इ.स. १५६७-६८. सरळ मार्गातून वाईट वगळले की पूल पूर्ण झाल्याचे वर्ष हाती येते. पुलावर चालताना मुलांना ही बेरीज करायला द्यावी.

पुलाला दीड तास दिला, की उत्तर तीरावरच्या किल्ल्याकडे पायी जावे. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे, त्याला तिकीट आहे आणि तो सूर्योदय ते सूर्यास्त उघडा असतो. मूळ किल्ला फिरोजशहाच्या काळचा. बाहेरचा दरवाजा मात्र पूल बांधणाऱ्या मुनीम खानानेच वाढवला, आणि त्यावर निळ्या-पिवळ्या चकाकत्या फरशांचे अवशेष अजून दिसतात. दरवाजापाशी १७६६ सालचा फारसी लेख कोरलेला दगड आहे. आत गेल्यावर १३७६ची एक लांबट, ठेंगणी मशीद आहे. तिची धाटणी बंगालकडची आहे आणि तिच्यापुढे दोन उंच खांब आहेत. तिच्याजवळचे हमामखाने गावात ‘भूलभुलैया’ म्हणून ओळखले जातात. जमिनीच्या पोटात बांधलेल्या त्या दालनांत गरम आणि गार पाण्याची व्यवस्था होती, आणि उजेडासाठी छतात झरोके ठेवले आहेत. डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटे दारात थांबून मग आत जावे. किल्ल्यातला चाळीस खांबी महाल १८५७ नंतर इंग्रजांनी पाडला, त्यामुळे आत वास्तू मोजक्याच उरल्या आहेत. तटावर मात्र जरूर चढावे. तेथून नदीचे वळण आणि पूल दोन्ही दिसतात, आणि हा किल्ला येथेच का, याचे उत्तर वेगळे शोधावे लागत नाही.

किल्ल्यापासून अटाला मशीद जवळच आहे, आणि एका दिवसात एकच मशीद पाहता येणार असेल तर हीच पाहावी. तिची सुरुवात फिरोजशहाच्या काळात झाली आणि इब्राहीमशहा शर्कीने १४०८ मध्ये ती पूर्ण केली. विजापूरच्या किंवा औरंगाबादच्या मशिदींना मिनार असतात, त्यामुळे आपली नजर आधी मिनार शोधते. येथे ते नाहीत. त्याऐवजी मधल्या कमानीपुढे सुमारे पंचाहत्तर फूट उंचीची, वर निमुळती होत जाणारी एक प्रचंड भिंत उभी केलेली आहे, आणि ती मागचा घुमट पार झाकून टाकते. ही जौनपूरची स्वतःची शैली आहे, आणि ती समजून घेण्याचा सोपा उपाय म्हणजे आधी अंगणाच्या पूर्व टोकाला उभे राहून समोरून पाहणे, आणि मग बाजूला सरकत जाऊन मागचा घुमट केव्हा डोकावतो ते पाहणे. अंगणाभोवतीच्या ओवऱ्या दुमजली आहेत, आणि मुख्य दालनाच्या दोन्ही टोकांना वरच्या मजल्यावर स्त्रियांसाठी जाळीच्या आड जागा केलेली आहे. ओवऱ्यांतले बरेच खांब जुन्या देवळांतून आलेले आहेत. त्यांच्यावरची साखळी-घंटेची आणि फुलांची नक्षी सहज ओळखू येते. त्यावरून येथे वाद आहेत आणि ते न्यायालयातही गेले आहेत. पाहायला आलेल्याने त्यात पडू नये. खांब नीट पाहावेत आणि कारागिरांच्या हातांना दाद द्यावी.

येथील तिन्ही मोठ्या मशिदींत नमाज होतो. शुक्रवारी दुपारी जाणे टाळावे, इतर दिवशीही नमाजाच्या वेळी बाहेर थांबावे, पादत्राणे काढावीत, अंगभर कपडे घालावेत आणि डोक्यावर घेण्यासाठी एक ओढणी किंवा रुमाल जवळ ठेवावा. दुपारी अंगणातली फरशी चटके देते, म्हणून पायमोजे असावेत. नमाज पढणाऱ्यांची छायाचित्रे काढू नयेत.

दुपारच्या जेवणानंतर ई-रिक्षाने जामा मशिदीकडे जावे. गावात तिला बडी मशीद म्हणतात. शेवटचा शर्की सुलतान हुसेनशहा याच्या काळात, १४७०च्या सुमारास, ती पूर्ण झाली. उंच जोत्यावर असल्यामुळे बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघेदुखी असणाऱ्यांनी ते आधीच विचारात घ्यावे. मधल्या घुमटाच्या दोन्ही बाजूंच्या दालनांत एकही खांब नाही, दगडी छत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत कमानीसारखे वळत गेले आहे, आणि सकाळी पुलाखालून पाहिलेली कमान येथे छप्पर होऊन आली आहे असे वाटते. शेजारीच शर्की राजघराण्याच्या कबरी आहेत. हा हुसेनशहा स्वतः संगीताचा जाणकार होता. जौनपुरी आणि हुसेनी कानडा या रागांचे श्रेय परंपरा त्याला देते, आणि ख्यालाच्या वाढीतही त्याचा हात सांगितला जातो. ज्यांच्या घरी ख्यालगायनाचे वेड आहे, त्यांनी या कबरींपाशी दोन क्षण थांबावेच.

लाल दरवाजा मशीद थोडी दूर आणि आकाराने लहान आहे. शर्की सुलतान महमूदशहा याची राणी बीबी राजी हिने १४४७ मध्ये ती बांधवली, आणि येथे स्त्रियांची जागा कोपऱ्यात न ठेवता मधल्या कमानीला लागून ठेवलेली आहे. अटालाशी हा एक फरक ताडून पाहिला तरी फेरी सार्थकी लागते. सिपाह मोहल्ल्यातल्या झंझरी मशिदीची आता फक्त एक कोरीव दर्शनी भिंत उरली आहे. वेळ असेल तरच तेथे जावे.

पुलानंतर जौनपूरची ओळख इमरतीने होते. ही उडदाच्या डाळीची असते, जिलेबीसारखी मैद्याची नव्हे, आणि ती गरम असतानाच खावी. जुन्या शहरात अत्तराची आणि चमेलीच्या तेलाची दुकानेही आहेत. मोटार असेल तर परतताना गोमतीकाठच्या जमैथा गावाकडे वळता येते. तेथे जमदग्नी ऋषींचा आश्रम होता आणि जौनपूर हे नावच जमदग्नीपूरवरून आले, अशी स्थानिक श्रद्धा आहे. चिपळूणजवळच्या परशुरामाच्या देवळात गेलेल्या कोकणी माणसाला त्याच्या वडिलांचे हे ठिकाण पाहण्याची ओढ वाटली तर नवल नाही. शीतला चौकिया हे देवीचे मोठे स्थानही शहराजवळच आहे, पण तेथे सोमवारी आणि शुक्रवारी गर्दी असते.

एवढे सगळे एका दिवसात बसवायचे असेल, तर झंझरी आणि जमैथा यांपैकी एक सोडावे, पण संध्याकाळचा पाऊण तास मात्र पुलासाठी राखून ठेवावा. सूर्य पश्चिमेकडे झुकला की उजेड पुलाच्या दुसऱ्या अंगावर येतो. तेव्हा पुन्हा नदीकाठी उतरून, या वेळी प्रवाहाच्या वरच्या बाजूला उभे राहावे. सकाळी सावलीत असलेली खांबांची निमुळती टोके आता उन्हात असतात, आणि पाणी त्यांच्यावर दुभंगून कमानींत शिरताना स्पष्ट दिसते. काशीला परतायला दोन तास लागतात, आणि हिवाळ्यात अंधारानंतर रस्त्यावर धुके उतरते, म्हणून साडेपाचला निघावे.